मंजुळा हसते तेव्हा

सुमनबाईंच्या स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ ज्या टोपल्यात असायचं, ते टोपलं कागदाचं होतं. आमच्या खान्देशात हे काही नवीन नाही. रद्दी भिजत घालायची, मऊ झाली की मेथ्यांबरोबर पाट्यावर वाटायची आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून उन्हात वाळवायचा. त्याचं टोपलं दोन-दोन पिढ्या टिकतं. पण सुमनबाईंचं टोपलं रद्दीचं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाचं होतं, आणि त्या पुस्तकात त्यांची आई होती.

हे मला कळलं ते सत्त्याऐंशी साली. मी मूळचा धुळ्याचा. बी. कॉम. झाल्यापासून सहकारी संस्थांच्या हिशेबातच राहिलो. जळगावला केळी पाठवणाऱ्या एका संस्थेत माझी नेमणूक झाली तेव्हा बिऱ्हाड धुळ्यालाच ठेवलं, कारण मुलांच्या शाळा तिकडे होत्या. जुन्या जळगावात एक खोली घेतली आणि दोन्ही वेळचं जेवण सुमनबाईंच्या खाणावळीत लावलं. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने घरी जायचं, सोमवारी सकाळी परत. अशी सात वर्षं गेली.

सुमनबाईंचं माहेर असोद्याचं. नवरा लवकर गेला. मुलगा तोताराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्या आम्हा एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना जेवू घालत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, आणि थंडीत असोद्याच्या वांग्यांचं भरीत. हाताला चव होती. बोलणं तिकडच्या पूर्वेच्या गावांचं, ‘माले’, ‘तुमाले’ असं. आम्ही धुळ्याकडची माणसं अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतो. तसं बोलायला लागलो की त्या म्हणत, “या धुळ्याच्या मानसांचं शे-शे सुरू झालं. जेवता का हुसकून लावता?”

एक गोष्ट मी पहिल्या काही दिवसांतच पाहिली होती. बाई भाकरी डाव्या हाताने थापत. परातीत पीठ मळायचा तोही डावा. पण कोणी स्वयंपाकघराच्या दाराशी आलं की हात बदलायच्या. मग भाकरी वाकडी व्हायची, कड चिरायची. आमच्या पंगतीत पुना भामरे म्हणून टपाल खात्यातला एक शिरपूरचा माणूस होता. तो मुद्दाम दाराशी जाऊन उभा राहायचा.

“अक्का, आज भाकरीचा नकाशा कुठल्या देशाचा?”

“तुझ्या सासरवाडीचा,” बाई म्हणायच्या. “मुकाट्यानं पाटावर बस.”

सासरी त्यांना या हातावरून फार ऐकावं लागलं होतं. ही खोड कुठून आणली, तुझ्या घरात कोण असं आहे, असं सासू चारचौघांत विचारायची. लग्नाआधी सावत्र आईही म्हणायची की आमच्यात कोणी असं नाही. मग बाई तो हात लपवायला शिकल्या.

माझ्या कामात इंग्रजीशी रोज गाठ पडे. वॅगन वेळेवर मिळाल्या नाहीत की रेल्वेला लिहायचं, दिल्लीच्या आडत्यांना लिहायचं. माझं इंग्रजी हे मराठीतून शिकलेलं. त्यामुळे मला जुनी व्याकरणं बरी वाटत. आपल्या आजोबांच्या काळात मराठी मुलांसाठी जी पहिली-पहिली इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं निघाली, ती मी दिसतील तिथे विकत घेई. त्यांतलं मराठी थोडं जड असतं. कर्ता, कर्म, क्रियापद, आणि प्रत्येक वाक्याचं व्याकरण चालवून दाखवलेलं. पण ती पुस्तकं असं धरून चालतात की समोरच्याला यातलं काहीही येत नाही. मला ते आवडतं. इंग्रजी वाक्य, खाली त्याचा उच्चार देवनागरीत, खाली अर्थ. बहुतेकांमध्ये विलायतेचा बर्फ पडतो, सिंह गर्जना करतो, राजा न्याय देतो. एकच पुस्तक मला वेगळं मिळालं होतं. धुळ्याच्या जुन्या बाजारात घेतलेलं ‘इंग्रजी व्याकरणाचा वाटाड्या’, तिसरी आवृत्ती, कर्ता रुपचंद दगडू नारखेडे. त्यात कापसाची गाडी जळगावला निघाली होती आणि म्हैस तापीत बसली होती.

एका सोमवारी मी एस.टी.तून उतरून थेट जेवायला आलो. पिशवीतून पुस्तक डोकावत होतं. सुमनबाई पाणी ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“भाऊ, हे तुमी कुठून आनलं?”

“धुळ्याला मिळालं. का हो?”

“हे माह्या बापाचं पुस्तक आहे.”

त्यांना मराठी चौथीपर्यंत वाचता येत होतं. वेष्टनावरचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग हात पदराला पुसले आणि अगदी हळू विचारलं, “यात मंजुळा आहे का?”

मला काही कळलं नाही. जेवण राहू दिलं आणि पानं चाळली. राम होता, गोविंदा होता, गंगा होती. मंजुळा कुठे नव्हती.

“मग हे नही,” त्या म्हणाल्या. “पहिलं पाहिजे.” आणि वाढायला आत गेल्या.

सगळं त्यांनी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, पंगत उठल्यावर. त्यांची आई मंजुळाबाई. सुमन दोन वर्षांची असताना ती गेली. त्या वेळी रुपचंद मास्तर चोपड्याच्या एका इंग्रजी शाळेत शिकवत आणि बिऱ्हाडही तिथेच होतं. आई गेल्यावर मास्तर मुलीला घेऊन असोद्याला आले आणि वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं. सावत्र आई सुंदरबाई वाईट नव्हती. पण ज्या घरात दुसरी आली, तिथे पहिलीचं नाव काढायचं नाही, ही रीत. सुंदरबाईंच्या गळ्यात सवतीचा टाक होता. पहिल्या बायकोची म्हणून दुसरीने घालायची ती चांदीची छोटी मूर्ती. आईचं रूप म्हणून सुमनने लहानपणी पाहिलं ते तेवढंच. सुंदरबाई वाढायला वाकल्या की तो टाक पुढे यायचा. त्याला नाक-डोळे होते, पण घामाने आणि घासाने ते पुसट झाले होते.

“फोटो?” मी विचारलं.

“तवा कोन फोटो काढे, भाऊ?”

मास्तरांना विचारायची सोय नव्हती. ते घड्याळासारखे. पुस्तक मिटून धडा सांगायचे, पण शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही, असं असोद्याची म्हातारी माणसं सांगत. लेकीशीही मोजकंच बोलत. गावभरच्या पोरांना त्यांनी इंग्रजी शिकवलं, हिला चौथीनंतर घरी बसवलं. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. त्या काळी तसंच होतं म्हणायच्या.

आईबद्दल जे काय समजलं ते बेबाबाई आत्याकडून. आत्या दिल्या घरी होती. आली-गेली तेवढंच, त्यामुळे भावजयीचा सहवास तिला फारसा नव्हता. नाजूक होती, सारखी आजारी असे, एवढंच ती सांगे. पण सुमनच्या लग्नात आंदण म्हणून हे कागदाचं टोपलं देताना आत्याने कानात सांगितलं होतं, “जपून ठेव. तुह्या बापानं तुह्या मायले पुस्तकात घातलं होतं. लोक हासले. मंग मोठ्या बाबानं सगळी पुस्तकं परत आनवली. आजीनं ती भिजवून टोपली केली. त्यातलंच हे.”

पुस्तकात घातलं म्हणजे काय, हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. तिला अक्षरओळख नव्हती.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. मास्तरांनी नाव घेतलं नाही, छापलं. आणि तेही अशा पुस्तकात, की जे मुलं ओरडून ओरडून पाठ करतात. मला हसू आलं होतं, पण बाईंच्या तोंडाकडे पाहून मी ते आवरलं.

“माले बाकी काही नको,” त्या म्हणाल्या. “त्यानं तिच्याबद्दल काय लिहिलं, तेवढं फक्त ऐकायचं आहे.”

मी टोपलं उचलून उजेडात धरलं. वरून शेणामेथीचा हात पुष्कळदा फिरलेला. बुडाशी मात्र एका जागी लगदा नीट वाटला गेला नव्हता आणि तिथे छापील अक्षरांचे ठिपके दिसत होते. कुठे अर्धा एम, कुठे एक काना. शब्द एकही नाही. बाई म्हणाल्या, लग्न झालं तेव्हापासून त्या ते ठिपके बघत आल्या आहेत.

मग मी शोधाला लागलो. मला वाटलं, छापलेलं पुस्तक आहे, कुठे ना कुठे मिळेलच. जळगावची वाचनालयं पाहिली, धुळ्याची पाहिली. चाळीसगावला ऑडिटच्या कामाने गेलो की स्टेशनाबाहेरचे जुन्या पुस्तकांचे ढीग उपसायचो. वाटाड्याची दुसरी आवृत्ती एक मिळाली, तिसरीच्या बऱ्याच मिळाल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत एक वाक्य होतं की पहिल्या आवृत्तीतील काही उदाहरणे वडीलधाऱ्यांच्या सूचनेवरून बदलली आहेत. पहिली कुठेच नाही. दर सोमवारी मी पिशवी ठेवली की बाई पिशवीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी मान हलवली की म्हणायच्या, “हात धुवा.”

पुनाला हे समजलं तेव्हा तो काही दिवस चेष्टा करत राहिला. “अक्का, पुस्तकाची भाकरी करून खाल्ली तुम्ही, आता भाऊंना पोटातून काढायला लावता का?” पण एकदा शिरपूरहून येताना तोही एक फाटकं व्याकरण घेऊन आला. ते भलत्याच कोणाचं होतं. बाईंनी ते ठेवून घेतलं आणि त्याला त्या दिवशी भरीत जास्त वाढलं.

शेवटी धागा मिळाला तो ऑफिसातच. चोपड्याकडचे एक केळीवाले सभासद माझ्यासमोर बसले होते. टेबलावर वाटाड्या पडलेला. ते म्हणाले, “हे मास्तर? आमचे लोटन आबा यांच्या हाताखाली शिकले. अजून पुस्तक पाठ म्हणून दाखवतात. घरात कोणी ऐकत नाही, तर बैलांना म्हणून दाखवतात.”

“कोणती आवृत्ती?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुढे काही विचारलं नाही. फक्त पत्ता घेतला.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात आम्ही चोपड्याला गेलो. ऊन फार होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. बसमध्ये सगळीकडे माहेरी निघालेल्या पोरी, त्यांची लेकरं, पिशव्या. सुमनबाई खिडकीशी बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं. तापीच्या पुलावर बस आली तेव्हा म्हणाल्या, “माले आखाजीला असोद्याला आनायचे. सुंदरमाय सगळं करे. पन आनायला आलेल्या मानसाला मी दरवेळी विचारू, कोन वाट पाहतं? तो म्हने, सगळेच.”

लोटन आबांचं घर गावाबाहेर मळ्यात होतं. आबा सत्तरीच्या पुढचे, खाटेवर बसलेले, नजर अंधुक झालेली. मी ओळख करून दिली. “आबा, या रुपचंद मास्तरांच्या कन्या.”

“मास्तरनी पोर?” आबांनी हाताने जमिनीपासून वीतभर उंची दाखवली. “ती तं इतलीशी व्हती. वट्टावर बशीसन माती खाये.”

ओट्यावर बसून माती खाणारी ती पोर म्हणजे आपण, हे कळूनही बाई हसल्या नाहीत. खाटेसमोर जमिनीवर बसल्या. मी म्हणालो की मास्तरांचं पहिलं पुस्तक आम्ही शोधतो आहोत.

“पुस्तक कोठे शे आते? ते बठ्ठा परत लई गयात. पन माले पाठ शे. छड्या खाईसन पाठ करेल शे.” पुस्तकं सगळी परत नेली, पण आपल्याला पाठ आहे, असं म्हणून कोणी काही सांगायच्या आत आबांनी डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि शाळेतल्या मुलाच्या चढ्या आवाजात सुरुवात केली. इंग्रजी वाक्य, मग अर्थ. अर्थ सांगताना त्यांची अहिराणी जायची आणि पुस्तकातलं मराठी यायचं. म्हैस तापीत बसली. गाडी जळगावला निघाली. मी बाईंकडे पाहिलं. त्या आबांच्या ओठांकडे बघत होत्या.

“मंजुळा मेक्स ब्रेड विथ हर लेफ्ट हॅन्ड,” आबा म्हणाले. “मंजुळा डाव्या हाताने भाकर करते.”

आबा पुढच्या वाक्यावर गेले होते. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून थांबवलं.

“आबा, ते परत म्हणा.”

ते परत म्हणाले. मग डोळे उघडून साध्या आवाजात सांगितलं, “मास्तरनी बायको डावखोरी व्हती ना. आम्हनं घर शेजारी. मी रोज देखू.”

सुमनबाईंनी आपला डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. आबांच्या सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्यांनी त्याच हाताने घेतला.

“अजून काय लिहिलं होतं, आबा?”

“मंजुळा विहिरीवर जाते. मंजुळेचे वासरू पांढरे आहे. आनि एक ते, भांडनवालं.” आबा थोडे अवघडले. “व्हेन मंजुळा लाफ्स.”

“म्हणजे?” बाईंनी मला विचारलं.

“मंजुळा हसते तेव्हा,” मी म्हणालो. “पुढे काय, आबा?”

“पुढे काही नही. टिंबा व्हतात.”

मला कळायला थोडा वेळ लागला. माझ्या तिसऱ्या आवृत्तीतही तो अभ्यास होता. अर्धं वाक्य द्यायचं, पुढे टिंबं, आणि मुलांनी आपल्या मनाने पुरं करायचं. पण तिथे मंजुळा नाही. तिथे आहे, शाळेची घंटा वाजते तेव्हा. मास्तरांनी टिंबं तशीच ठेवली आणि मंजुळेच्या जागी घंटा टांगली.

मग आबांनी घडलेलं सांगितलं. वर्गातल्या मुलांनी ते वाक्य आपापल्या पाटीवर पुरं केलं. पोरंच ती. कोणी लिहिलं, बादली विहिरीत पडते. कोणी लिहिलं, वासरू दूध पिणं सोडून बघतं. शाळा सुटल्यावर मंजुळाबाई विहिरीवर दिसल्या की पोरं लांबून ओरडायची, ‘व्हेन मंजुळा लाफ्स’, आणि दुसरं टोळकं पुढचं पुरं करायचं. सगळ्या गावाला इंग्रजी वाक्य पाठ झालं. मुलांच्या तोंडून मोठ्यांच्या तोंडी गेलं, आणि बाजारच्या दिवशी असोद्याच्या भाऊबंदांच्या कानावर आलं. मास्तरांचे थोरले भाऊ, म्हणजे बाईंचे मोठे बाबा, बैलगाडी घेऊन आले आणि दुकानांतली, मुलांच्या दप्तरांतली पुस्तकं गोळा करून घेऊन गेले. मास्तर ओट्यावर उभे होते.

“आनि ती?” सुमनबाई म्हणाल्या. “माही माय. ती रडली असेल.”

“रडनी?” आबांना हे नवीन वाटलं. “नही ओ बहीन. पोरे आरडायेत तं ती हासे. घागर खाले ठेवीसन हासे. म्हनीसन तं पोरे आरडायेत.”

सुमनबाईंनी पदर तोंडाशी धरला. नाजूक आणि आजारी याशिवाय आईबद्दल त्यांना साठ वर्षांत कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, “आबा, तुम्ही काय लिहिलं होतं पाटीवर?”

आबा मान खाली घालून खाटेच्या सुंभाचा पीळ चाचपत राहिले. मग म्हणाले, “मास्टर फरगेट्स द लेसन.”

“मंजुळा हसते तेव्हा मास्तर धडा विसरतात,” मी बाईंना सांगितलं.

“तेच बठ्ठा गावमा पसरनं,” आबा म्हणाले. “आम्हना वर्गनी खिडकी मास्तरना अंगनाकडे व्हती. ती कोनासंगे बोलीसन हासनी, का मास्तर मधमाच थांबी जायेत. खडू हातमा. मंग इचारेत, आपण कुठे होतो? मी जे देखं ते लिखं.”

“मारलं असेल तुम्हाला,” मी म्हणालो.

“माले बी तेच वाटनं. मी हात पुढे करा.” आबांनी आताही हात पुढे केला, तळवा वर. “त्यास्नी पाटी लिधी. वाचं. परत वाचं. आनि खडूनी बरोबरनी खूण करी दिधी. पाटी माले परत दिधी.”

“ती पाटी?” सुमनबाई म्हणाल्या.

“पाटी व्हती, बहीन. दुसऱ्या दिवशी गनित लिखं तिनावर.”

परतीच्या बसमध्ये बाईंनी मला ते अर्धं वाक्य इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तापी यायच्या आत त्यांना पाठ झालं. जळगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, माह्या बापाले धडा विसरताना मी कधी पाह्यलं नही. एकदा बी नही. सुंदरमाय हासे, आमी लेकरं हासू. तो आपला शिकवत राहे.”

त्यानंतर त्यांनी हात बदलणं सोडलं. कोणी दाराशी येवो न येवो, भाकरी डाव्या हातानेच. पुना पहिल्या दिवशी म्हणाला, “अक्का, आज नकाशा नाही?” त्या म्हणाल्या, “आज माह्या मायनं केली.” पुनाला कोड्यासारखं वाटलं. मी त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. पुढे पंगतीत एक रीतच पडून गेली. बाई तव्याशी बसून म्हणायच्या, “व्हेन मंजुळा लाफ्स,” आणि पाटावरून कोणीतरी पुढचं पुरं करायचं.

“तेव्हा शेवभाजी होते,” पुना म्हणायचा.

“चूक. पुढचा.”

“तेव्हा बदलीची ऑर्डर रद्द होते.”

“चूक. भाकरी घे.”

कोणाचंच बरोबर धरलं नाही. बरोबरची खूण एकदा होऊन गेली होती.

मी पहिल्या आवृत्तीचा शोध सोडला नव्हता. अजूनही सोडलेला नाही. पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त होतोय. धुळ्याच्या जुन्या बाजारात गेलो की ढिगापाशी थांबतो, आणि वाटाड्या दिसला की आधी आवृत्ती बघतो. काय मिळणार आहे ते मला ठाऊक आहे. पण छापलेलं दिसावं असं वाटतं. ते आता कोणासाठी, हे मात्र सांगता येत नाही.

माझी बदली परत धुळ्याला झाल्यानंतर मी एकदाच सुमनबाईंना भेटलो. खाणावळ बंद झाली होती. दम्याने त्या खंगल्या होत्या. तोतारामच्या बायकोने, मंदाने, मला आत नेलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चुलीजवळ ते टोपलं होतं, पिठाने भरलेलं. मला पाहून त्यांनी पिशवीकडे नजर टाकली. मी मान हलवली.

“हात धुवा,” त्या म्हणाल्या.

मंदा भाकरी थापत होती. उजव्या हाताने, गोल, नेटकी. मी जेवायला बसलो. बाईंना बरं वाटावं म्हणून म्हणालो, “व्हेन मंजुळा लाफ्स.”

त्यांनी पुढचं पुरं करायला सांगितलं नाही. टोपल्याकडे बघत राहिल्या. धाप जरा बसल्यावर म्हणाल्या, “भाऊ, मी तवा दोन वर्सांची होते. वट्टावर बसून माती खाये, असं आबा म्हने. म्हंजे तिथंच होते मी.”

“हो.”

“तिले हासताना मी पाह्यलं असेल ना? रोज पाह्यलं असेल.”

“पाहिलं असेल, अक्का.”

“मग ते गेलं कुठे?”

मंदाने टोपल्यातून पीठ घेतलं आणि टोपलं जरा लांब सरकवलं. बाईंनी डाव्या हाताने ते पुन्हा जवळ ओढून घेतलं.